काल माझं चुकलं

प्रार्थना झाली, नाडगीत म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत झालं, की मुलांना लगेच वर्गात सोडायचं नाही अशी सरांची पद्धत होती. व्हरांड्याच्या पायरीवर ते एक पाऊल पुढे येत, चष्मा कपाळावर सरकवत आणि कन्नडमध्ये म्हणत, "निन्ने नन्द तप्पु." काल माझं चुकलं. मग काय चुकलं ते सांगत. दुसरीतल्या दोघांना मारामारी करतात म्हणून वेगळं बसवलं, पण ती मारामारी नव्हती, खेळ होता. सहावीला गणित सांगताना एक पायरी मीच गाळली आणि मुलांना म्हणालो, तुमचं लक्ष नाही. जेवणानंतर खुर्चीत माझा डोळा लागला. एवढं सांगून झालं की चष्मा परत डोळ्यांवर घेत आणि म्हणत, जा आता, आजचं आज बघू.

मुलं हसत नसत. पहिलीतली लहान पोरंसुद्धा तोंड वर करून ऐकत. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला वाटलं, या माणसाचं डोकं जरा सरकलेलं असावं. त्यांच्या हाताखालच्या एक शिक्षिका माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "असंच आहे त्यांचं. सवय होईल तुम्हाला."

जुन्या हुबळीतल्या एका अरुंद गल्लीत ती सरकारी कन्नड शाळा होती आणि ते तिथले मुख्याध्यापक. गल्लीत एका बाजूला पत्र्याचे डबे ठोकणारे, दुसऱ्या बाजूला गाद्यांचा कापूस पिंजणारे, त्यामुळे वर्गात दिवसभर ठोकाठोक ऐकू येई. ते स्वतः धारवाडच्या मराठी घरातले, मालमड्डीत राहायचे, रोज बसने यायचे. शाळेत कन्नड, घरात मराठी, आणि हिशेब तोंडातल्या तोंडात नेहमी मराठीत. मी त्यांच्या शाळेत गेले की फाटकाच्या आत ते मला "मॅडम" म्हणत आणि कन्नडमध्ये बोलत. फाटकाबाहेर आलो की लगेच मराठी सुरू होई, आणि "मॅडम"ची "पोरी" होई. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. मला त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क आहे की नाही, ते हे वाचून झाल्यावर ज्यानं त्यानं ठरवावं.

मी त्या वेळी एका संस्थेत नोकरीला होते. समाजशास्त्रात एमए केलं होतं आणि पहिलीच नोकरी होती. शिक्षणखातं, आमची संस्था आणि पैसे देणारं बेंगळूरचं एक प्रतिष्ठान, अशा तिघांनी मिळून करार केला होता. सरकारी शाळांतल्या प्रत्येक मुलाला पाचवी संपायच्या आत वाचता आलं पाहिजे, असा त्याचा हेतू. हेतू खोटा नव्हता. आमच्या बैठकांत लोक मनापासून बोलत, आमचे समन्वयक तर सगळ्यांत जास्त. माझ्याकडे जुन्या हुबळीतल्या काही शाळा होत्या. शिक्षकांना प्रशिक्षणाला बोलवायचं, वाचनाची कार्डं पोचवायची, दर तीन महिन्यांनी मुलांची चाचणी घ्यायची आणि निकाल टॅबवर भरायचा, हे माझं काम.

शाळेच्या भिंतीवर आम्ही एक पत्रक लावलं होतं, त्यावर ठळक अक्षरात होतं, प्रत्येक मूल वाचेल. ते त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "प्रत्येक म्हणजे कोण? नावं सांग की."

नावांचा त्यांना नाद होता. तालुक्याचे शिक्षणाधिकारी, ज्यांना सगळे बीईओसाहेब म्हणत, महिन्यातून एकदा मुख्याध्यापकांची बैठक घेत. एकेक जण उठून आपल्या शाळेची टक्केवारी सांगे. यांची पाळी आली की हे टक्केवारी सांगतच नसत. उभे राहून सुरू करत, की चौथीतला अमुक जोडाक्षराला अडतो, तिसरीतली तमुक अजून उलट्या बाजूनं अक्षर काढते, पाचवीतल्या अमक्याला वाचता येतं पण वडिलांच्या दुकानात बसल्यामुळे महिन्यात दहा दिवस येत नाही. बैठकीत खसखस पिके. साहेब घड्याळ बघत म्हणत, पुरे, आकडा सांगा. मग हे शांतपणे सांगत की आकडा मॅडमनी टॅबवर भरला आहे, मला तो नीट माहीत नाही.

त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी असायची. तिच्यात बिस्किटांची वेष्टनं, लग्नपत्रिका, औषधांच्या पुड्यांवरचे कागद, जुन्या दिनदर्शिकेची पानं, रेशनदुकानातली पावती, असा सगळा पसारा. मधल्या सुट्टीत पोरांच्या घोळक्यात बसून ते एकेक कागद पुढे करत आणि म्हणत, "ओद, नोडोण." वाच, बघू. पाठ्यपुस्तकातला धडा पोरं ऐकून ऐकून पाठ करतात, असं त्यांचं म्हणणं. साबणाच्या वेष्टनावर काय लिहिलंय ते कोणी पाठ करून येत नाही, तिथे मूल खरं वाचतं.

प्रशिक्षणाला त्यांना बोलवावं तर ते पहिल्या रांगेत बसत आणि पिशवीतून दाभण, दोरा आणि शाळेतली फाटकी पुस्तकं काढत. समोर पडद्यावर चित्रं सरकत असत आणि हे पुस्तकं शिवत असत. एकदा बेंगळूरहून आलेल्या प्रशिक्षक बाईंनी त्यांना हटकलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं की कान मोकळे आहेत, तुम्ही बोला. संध्याकाळी त्या बाईंनी काय काय सांगितलं ते फक्त यांनाच आठवत होतं, आणि त्यातल्या दोन गोष्टी त्यांनी दुसऱ्या दिवसापासून वर्गात करायलाही घेतल्या. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर ते नुसते हेकट होते असं वाटेल.

आमची वाचनाची कार्डं सगळ्या शाळांत कपाटात कुलूपबंद असत, कारण फाटली तर जाब कोण देणार. यांनी पहिल्याच दिवशी कपाट उघडलं आणि किल्ली हरवून टाकली. दोन महिन्यांत कार्डांची लक्तरं झाली. वरून खुलासा मागवणारं पत्र आलं. त्यांनी एका ओळीत उत्तर पाठवलं, की मुलांनी ती वापरली म्हणून ती फाटली. ते पत्र आमच्या कार्यालयात बरेच दिवस हातोहात फिरत होतं. सगळ्यांना ते आवडलं होतं. पण दुसऱ्या कोणत्याही शाळेतलं कपाट आम्ही उघडायला लावलं नाही.

रेणुका त्यांच्या शाळेत पाचवीत होती. तिची आई अमरगोळच्या बाजारआवारात मिरचीचे देठ खुडायला जायची, वडील घरात नव्हते. पोर अंगानं किरकोळ, पण आवाज असा स्वच्छ की प्रार्थना तीच म्हणे. तिला वाचता येत नव्हतं. पहिली दोन वर्षं ती आईबरोबर बाजारातच असायची, नंतर शाळेत आली तेव्हा वर्ग पुढे निघून गेला होता, आणि आवाज चांगला असल्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही. ती सगळं ऐकून म्हणायची. सरांच्या लक्षात आलं ते पाचवीच्या सुरुवातीला, साबणाच्या वेष्टनावर. त्या दिवसापासून जेवणानंतरचा अर्धा तास तिचा होता. इतर चारपाच मुलंही त्यात असत, पण मला माहीत आहे, ती वेळ तिच्यासाठीच ठेवलेली होती. थंडी सुरू झाली तोवर तिला अक्षरं ओळखू यायला लागली होती, छोटे शब्दही ती लावत होती. सरांनी मला एकदा बसथांब्यावर सांगितलं, "अजून चार महिने दे मला. लागेल ती वाचायला."

आमच्या चाचणीचा एक कागद होता. त्यावर चार ओळींची गोष्ट. एका मुलीची शेळी हरवते, ती आणि तिची आजी शोधायला जातात, शेळी तळ्याच्या काठी सापडते. दोन वर्षं तोच कागद होता. सरांनी एक दिवस मला हाताला धरून शाळेच्या मागच्या अंगणात नेलं. तिथे मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या आणि प्रत्येक उडीला त्या शेळीच्या गोष्टीतला एकेक शब्द म्हणत होत्या. मी त्याच दिवशी वर कळवलं की कागद बदलायला हवा. उत्तर आलं, की आधीच्या निकालांशी तुलना करायची आहे, त्यामुळे कागद तोच ठेवावा. मी पुन्हा विचारलं नाही.

मग बेंगळूरचे पाहुणे येणार असं ठरलं. करार पुढे चालू ठेवायचा की नाही ते त्यांच्यावर होतं. समन्वयकांनी मला सांगितलं, की शाळा छोटी आहे, गल्लीतली आहे, पाहुण्यांना आवडेल, तुझी तीच शाळा दाखवू. नेमके त्या आठवड्यात सर मतदारयादीच्या कामावर होते. घरोघरी जाऊन नावं तपासायची, चार दिवस शाळेत पाय नाही. त्या चार दिवसांत मी पाहुण्यांसमोर कोण वाचणार ते ठरवलं. मी रेणुकाला निवडलं.

तिला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. हे मी आजवर असं सरळ लिहिलं नव्हतं. मी स्वतःची समजूत घातली की ती आता थोडं वाचते, आणि सरावानं उरलेलंही येईल. चार दिवस तिला घेऊन बसले. गोष्ट तिला येतच होती. मी तिला फक्त शिकवलं की बोट ओळीवरून कसं न्यायचं, कुठे थांबायचं, कुठे मान वर करून पाहुण्यांकडे बघायचं. तिला ते फार आवडलं. चौथ्या दिवशी तिनं मला विचारलं, "अक्का, फोटो काढतील का?" मी म्हटलं, काढतील की.

पाहुणे आले त्या सकाळी सर परत आले होते. त्यांना कार्यक्रम माहीत नव्हता, ते व्हरांड्यात एका बाजूला उभे होते. बीईओसाहेब होते, आमचे समन्वयक होते, पाहुण्यांत दोन बायका आणि एक वयस्कर गृहस्थ. रेणुका उभी राहिली. तेल लावून घट्ट वेण्या घातल्या होत्या. तिनं कागद धरला आणि वाचायला लागली, आणि खरं सांगते, कोणाच्याही अंगावर काटा येईल असं तिनं वाचलं. शेळी हरवते तिथे आवाज खाली आला, सापडते तिथे वर गेला. कॅमेऱ्याचा उजेड पडला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यातल्या एका बाईंनी पुन्हा एकदा वाच म्हणून सांगितलं. बीईओसाहेब म्हणाले, हा बघा, हा आहे आपल्या कामाचा निकाल.

रेणुकानं दुसऱ्यांदा सुरुवात केली. सर व्हरांड्यातून आत आले. तिच्याजवळ जाऊन त्यांनी तिच्या हातातला कागद हलकेच घेतला, उलटा केला, अक्षरांची डोकी खाली, आणि परत तिच्या हातात दिला. ती पाहुण्यांकडे बघत होती. मी शिकवलं होतं तसंच. तिचं बोट चालत राहिलं, आवाज चालत राहिला, आजी आणि मुलगी तळ्यापर्यंत पोचल्या. मग खोलीत कोणी हलत नाही हे तिला जाणवलं असावं. तिनं खाली बघितलं. तेवढी अक्षरं तिला ओळखता येत होती, ती उलटी आहेत हे तिला कळलं. ती थांबली.

सर बीईओसाहेबांना कन्नडमध्ये म्हणाले, "हिला वाचता येत नाही. माझ्या शाळेतली आहे. दोष माझा आहे."

रेणुकानं कागद टेबलावर ठेवला, त्याची कड टेबलाच्या कडेला नीट लावली आणि चालत वर्गाबाहेर गेली. पळाली नाही, चालत गेली. तिच्या मागे कोणीच गेलं नाही. मी जवळ होते, पण मीही नाही.

त्या दिवशी बसथांब्यावर मी त्यांच्यावर चिडले. पोरीला तोंडघशी का पाडलं, असं मी विचारलं. त्यांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "तुझ्या त्या टॅबवर आज तिच्या नावापुढे 'वाचते' असं लागलं असतं. मग तिला शिकवायचं कारणच संपलं. पुढे कोणी तिच्याकडे बघणार नाही. मला तेवढंच दिसलं. ती तिथे उभी आहे, ते दिसलं नाही."

रेणुका दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, आणि मधल्या सुट्टीत वर्गातल्या मुलांनी पुस्तकं उलटी धरून तिच्यासमोर वाचायची नक्कल केली. त्यानंतर ती आलीच नाही. सर तिच्या घरी गेले. आई म्हणाली, ती आता माझ्याबरोबर बाजारात येते, घरी एकटी ठेवण्यापेक्षा बरं. ते पुन्हा गेले. किती वेळा गेले ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की त्या दिवसापासून रोज सकाळी पायरीवर उभं राहून ते एकच चूक सांगत. काल माझं चुकलं, मी रेणुकाचा कागद उलटा केला. दुसऱ्या दिवशीही तेच, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. मुलांना ते सोसेना. पहिलीतली पोरं रडायला लागली. हाताखालच्या त्या शिक्षिकांनी हात जोडून त्यांना सांगितलं, सर, पुरे करा. तेव्हा ते बंद झालं, आणि मग सकाळची ती पद्धतच बंद झाली. प्रार्थना झाली की मुलं गप्प वर्गात जाऊ लागली.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर अमरगोळला गेले. मिरचीचा हंगाम होता. आवारात लाल ढीग, हवेत खकाणा, सगळे खोकत होते. शंभरेक बायका उन्हात ओळीनं बसून देठ खुडत होत्या. रेणुका आईच्या शेजारी, तोंडाला ओढणी बांधून. तिनं आम्हाला पाहिलं आणि पाठ फिरवली. सर तिच्या बाजूला जमिनीवर बसले आणि काही न बोलता देठ खुडायला लागले. त्यांना ते जमत नव्हतं. बोटं पेटली असणार, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मिरचीचं की कशाचं, देव जाणे. आजूबाजूच्या बायका आधी हसल्या, मग परत कामाला लागल्या. अर्ध्या तासानं ते म्हणाले, "रेणुका, माझं चुकलं. शाळेत ये."

ती देठ खुडतच म्हणाली, "मला अक्कानी सांगितलं तसं मी केलं. मग तुम्ही मलाच का उलटं केलंत? अक्काला का नाही?"

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. सरांनी मान खाली घातली. उत्तर माझ्याकडे होतं. मी ते दिलं नाही. ते त्यानंतरही पूर्ण हंगामभर दर रविवारी जात राहिले. मी गेले नाही.

चौकशी त्याच सुमारास लागली. पाहुण्यांसमोर खात्याची अब्रू घालवली, हे खरं कारण, पण कागदावर ते कसं लिहिणार? म्हणून आरोप असा ठेवला की त्यांनी परक्या लोकांसमोर एका विद्यार्थिनीचा अपमान केला, आणि त्यामुळे तिनं शाळा सोडली. शब्द न् शब्द खरा होता. त्यांनी खुलाशात लिहिलं, आरोप मान्य आहे. खाली सही केली. त्या पोरीला पाठ करून घेतलेली गोष्ट म्हणायला कोणी उभं केलं, याबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही.

मला साक्षीला बोलावलं. आदल्या दिवशी आमच्या समन्वयकांनी मला खोलीत बसवून समजावलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, करार मोडला तर या सगळ्या शाळांतून आपण बाहेर पडू, मुलांच्या हातात जे थोडंबहुत पडतंय तेही जाईल, आणि सरांनी तर आरोप स्वतःच मान्य केलाय, तुझ्या बोलण्यानं त्यांचं काय वाचणार आहे. मला ते पटलं. मला पटवून घ्यायचंच होतं. चौकशीत मला विचारलं, मुलीकडून आधी पाठ करून घेतलं होतं का? मी सांगितलं, "नेहमीचा सराव झाला होता." त्यांनी तसंच लिहून घेतलं आणि मी सही केली.

बाहेर बाकावर ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. माझी साक्ष त्यांना दारातून ऐकू आली असणार. आम्ही एकत्रच फाटकाबाहेर पडलो. मी वाट बघत होते की आता ते मराठीत काहीतरी बोलतील, रागावतील. ते मराठीतच बोलले. म्हणाले, "तुमची बस आली, मॅडम."

त्यांची बदली कलघटगीकडच्या जंगलपट्टीतल्या एका गावी झाली. रोजचं येणं-जाणं झेपेना. दोन वर्षांत त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. जुन्या हुबळीतल्या शाळेत पट कमी होत गेला आणि ती शेजारच्या मोठ्या शाळेत मिसळून टाकली. इमारतीत आता खात्याची जुनी बाकं ठेवली आहेत. आमचा करार मात्र वाढला, आणखी जिल्हे मिळाले. त्या वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर रेणुकाचा फोटो होता. घट्ट वेण्या, हातात कागद, नजर थेट समोर. मी आता धारवाडच्या कार्यालयात असते, नव्या मुलामुलींना चाचणी कशी घ्यायची ते शिकवते. कागद बदलला आहे. आता शेळीऐवजी पोपट आहे, आणि तोही आता चार वर्षं जुना झाला.

गेल्या वर्षी मी हुबळीच्या बसस्टँडवर उभी होते. कडेवर मूल घेतलेली एक मुलगी माझ्यापाशी आली आणि तिनं कन्नडमध्ये विचारलं, "अक्का, ही गाडी कुठली?" आवाज ऐकून मी तिच्याकडे पुन्हा बघितलं, ती रेणुका होती. चेहरा बदलला होता, गालाची हाडं वर आली होती, पण आवाज तोच. गाडी आमच्यापासून पाच पावलांवर होती आणि गाडीच्या कपाळावरच्या पाटीवर हातभर मोठ्या अक्षरात गावाचं नाव होतं. मी वाचून सांगितलं, नवलगुंद. तिनं मान हलवली, गाडीत चढली आणि खिडकीशी बसली. तिनं मला ओळखलं की नाही, मला कळलं नाही. गाडी सुटेपर्यंत मी तिथेच उभी होते. वर चढून तिच्याशी बोलायला पाच मिनिटं होती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी मालमड्डीला सरांच्या घरी गेले. ते आजारी आहेत, आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करायला दवाखान्यात न्यावं लागतं, असं कळलं होतं. इतक्या वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. काकूंनी मला आत नेलं. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते, निम्मे झाले होते. मला बघून या म्हणाले, बसा म्हणाले. माझ्या नोकरीची चौकशी केली, घरच्यांची केली, सगळं अहो-जाहो करत. मी ठरवून गेले होते की चौकशीत मी काय बोलले ते आज काढायचं, माफी मागायची. मी काकूंनी दिलेलं पाणी पीत राहिले.

मग त्यांनीच विचारलं, "रेणुका कुठे दिसली का हो?"

मी म्हटलं, दिसली, बसस्टँडवर, नवलगुंदच्या गाडीत बसली.

"गाडी कुठली ते कोणी सांगितलं तिला?"

मी त्यांच्याकडे बघितलं. हातावर सुयांच्या काळ्यानिळ्या खुणा होत्या. "कोणी नाही," मी म्हणाले. "पाटी वाचून बसली."

ते उशीवरून थोडे पुढे झाले. "मोठ्यानं वाचली, की मनात?"

"मनात. पण ओठ हलत होते."

ते परत मागे टेकले. डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप लागली. मग डोळे न उघडता म्हणाले, "हलतात ओठ सुरुवातीला. पुढे आपोआप थांबतं ते."

मी उठले. काकू दारापर्यंत सोडायला आल्या. आत एकदा वळून बघितलं त्यांनी आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, की बरं झालं तुम्ही आलात, आज किती दिवसांनी जेवतो म्हणालेत. मी बरं म्हटलं आणि चपला घालायला वाकले.